झिरी

साखर पेठेतल्या आमच्या गच्चीवर
मे महिन्यात, रात्री साडेदहाला
फरशी अजून तव्यासारखी.
बादलीभर पाणी ओतलं, चुर्र झालं, संपलं.
चिनू विचारतो, नॉर्वेत आत्ता किती वाजले?
सात, मी म्हणते.
आणि सूर्य?
जागाच आहे.

मागच्या जूनमध्ये आम्ही सातजण
समुद्राकाठच्या एका लाल लाकडी घरात होतो.
बाबा पावालासुद्धा आठने गुणायचे,
आकडा ऐकून आई अर्धाच तुकडा घ्यायची.
दोन दिवस शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर निघाले,
बाकीचे माशांवर.

नानम्माला झोप येईना.
जन्मभर उजेड असेतोवर विड्या वळल्या,
उजेड गेला की सूप बाजूला.
तिथे उजेड जाईचना.
रात्री बाराला बघते तर ही
कागदी रुमाल फाडून सुरळ्या वळत बसलेली,
पंचवीस-पंचवीसचे कट्टे, वर दोरा.
"दिवस मोडल्याशिवाय उठू कशी गं?"

मग तातय्यांनी बॅगेतून चादर काढली,
थंडीसाठी आणलेली, त्यांच्याच मागावरची, मोरांची.
स्टुलावर चढले.
गुडघ्यांबद्दल कुणाला बोलू दिलं नाही.
पडद्याच्या दांडीला चिमटे लावले
आणि खोलीत रात्र झाली.
नानम्माच्या हातातली सुरळी अर्धीच राहिली,
घोरायलाच लागली ती.

तातय्या तिथंच उभे.
मोराच्या मानेजवळ एक धागा सुटलेला,
तांदळाएवढी झिरी,
तिच्यातून मध्यरात्रीचं ऊन आत शिरून
नानम्माच्या कपाळावर बसलेलं.
अडतीस वर्षं हीच चादर पांघरली घराने,
पण अंधारात पांघरलेल्या चादरीतून
पलीकडे कोण बघतं?
"हा माझा हात नाही," ते म्हणाले,
"दुसऱ्या पाळीचा यल्लप्पा असणार."
यल्लप्पाला जाऊनही दहा वर्षं झाली.

सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी,
चहात बिस्किट बुडवताना एकदम म्हणाले,
"माझाच."
का सुटला, कुणी विचारलं नाही.
बिस्किट तेवढ्यात कपात पडलं.

आता तीच चादर गच्चीवर अंथरलीय.
चिनू तिचं टोक उचलून झिरीला डोळा लावतो.
काय दिसतं रे?
"टाकी. शेजाऱ्यांची."

रफू करायची म्हणून तातय्यांनी
आल्या दिवशीच सुई ओवून ठेवली होती.
अकरा महिने झाले.
कॅलेंडरची पानं उलटतात,
सुई मागच्या पुठ्ठ्यात तशीच टोचलेली,
निळा धागा लोंबतोय.