मागच्या लेबलावर चार ओळींची जागा

हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने कागद पाठवलाय.
द्राक्षाची जात, प्रदेश, चव, कशासोबत प्यावी –
मागच्या लेबलावर चार ओळींची जागा,
त्यापलीकडे एक अक्षर नको, असं खाली लाल शाईत.
दोरिंदामावशीला चष्मा सापडत नाही,
म्हणून लिहायला मी.

जात?
आल्बारिन्यो, ती तोंड उघडण्याआधीच मी लिहून टाकते.
"थांब. जाड सालीचं, असं लिही.
आठ महिने इथं सगळं ओलं –
भिंती, जळण, नवऱ्याचे मोजे.
पातळ सालीचं काही टिकलं नसतं.
मीसुद्धा."
हे मी लिहीत नाही.

प्रदेश?
ती खिडकीतून बोट दाखवते,
जणू हॅम्बुर्गला तिथून दिसणार आहे.
ग्रॅनाइटचे खांब, डोक्याहून उंच,
खांबांवर तारा, तारांवर वेल.
लोक मांडव घालतात, कार्य झालं की उतरवतात.
हा तिच्या आजेसासऱ्याने घातला,
अजून कार्य उरकलेलं नाही.
खाली सावलीत कोबी, बटाटे, एक लंगडी कोंबडी.
सप्टेंबरात बायका पेट्या पालथ्या घालून त्यांवर चढतात,
मान वर, हात वर, कात्री वर,
रस मनगटावरून काखेपर्यंत उतरतो
आणि संध्याकाळी गांधीलमाश्या दारापर्यंत सोडायला येतात.

उतार संपतो तिथे रिया,
समुद्राने जमिनीच्या खिशात घातलेला हात.
पाण्यावर निलगिरीच्या लाकडाचे तराफे,
एकेकाखाली पाचशे दोर,
दोरांना काळे शिंपले, घोसाघोसाने.
एलादिओकाका चाळीस वर्षं तिथे होता.
म्हणायचा, तुझं वर लोंबतंय, माझं खाली,
कोबी सोडला तर आपल्या घरात
जमिनीला टेकून काही पिकतच नाही.

चव?
यावर ती गप्प.
फडताळातून बाटली काढते, गेल्या सालची, बिनलेबलाची.
चिनीमातीच्या पांढऱ्या वाटीत ओतते.
रंग जवळजवळ नाहीच, उन्हात धरला तर गवताचा.
लिंबाची साल, करकरीत हिरवं सफरचंद,
मग जिभेच्या कडांना पाणी सुटतं,
आणि गिळून झाल्यावर, बऱ्याच उशिरा,
ओठांवर मीठ,
पोहून आल्यावर असतं तसं.
"फुलांचा वास लिहिते," मी म्हणते, "लोकांना फुलं आवडतात."
"लिही. मला कधी आला नाही."

कशासोबत?
इथे मात्र ती खुर्ची ओढते.
शिंपले वाफेवर, एक तेजपान, पाणी थेंबभर नाही,
त्यांचं त्यांना सुटतं.
ऑक्टोपस बटाट्याबरोबर, वर लाल पूड, पण बेताने.
पाद्रोनच्या मिरच्या, अख्ख्या, तेलात परतलेल्या,
दहांत एखादी तिखट निघते,
जिला लागेल तिने वाटी संपवायची.
सार्डिन जूनमध्ये. जुलैत खाणाऱ्याला विकू नका म्हणावं.
बकरीचं ताजं चीज, पावासोबत.
"पेर्सेबेस लिहू नकोस."

मी लिहिणार नव्हतेच.
भिंतीवर आई,
कमरेला दोर, हातात पटाशी, मागे खडक,
लाटेकडे पाठ करून हसतेय.

"किती झाल्या?"
"नऊ ओळी."
"मग बटाटा काढ."

रात्री मी चारच्या चार ओळी नीट लिहिल्या,
जात, प्रदेश, फुलं, शिंपले.
सकाळी पोस्टात टाकताना पाकीट उघडून पाहिलं:
लाल शाईच्याही खाली,
चष्म्याशिवाय लिहिलेली वाकडीतिकडी पाचवी ओळ –
गार करून प्या. फार गार नको,
मग समुद्र लागत नाही.