फाळ

शेवंताक्का खाडेच्या रानात नांगर लावून गेलो,
तेव्हा ऊस तुटून आठ दिवस झाले होते.
तोडकऱ्यांच्या खोपी उठलेल्या, वाढं शेळ्यांनी संपवलेलं,
आणि पाचट तसंच, गुडघाभर.
साऱ्या मळीत तेवढंच रान न जाळलेलं.

"गाडी बंद कर, दस्तगीर," ती बांधावरनं म्हणाली.
"च्या घे. आणि जा."

चहा घेतला. गुळाचा, जरा फाटलेला.
म्हटलं, "दर जास्त वाटला काय?"
"दराचं न्हाई. औंदा नांगरच न्हाई."
मी हसलो.
भोगावतीच्या काठाला नांगर नको म्हणणारं माणूस
मला पहिल्यांदाच भेटत होतं.

सोळा वर्षं मी लोकांची रानं उलथी केली.
फाळ खाली सोडला की मागनं बगळे यायचे,
पंगतीला बसल्यासारखी पांढरी ओळ,
उघडी पडलेली गांडुळं टिपत.
वाटायचं, माझ्या कामाची पावती फाडतायत.
अलीकडं येत नव्हते.
मी म्हणायचो, गेले असतील दुसऱ्या गावाला.

तिनं बुडखी जाग्यावर ठेवली.
मधल्या पट्ट्यात भोकं पाडून हरभरा टोकला.
आळशाची शेती, असं नाव पडलं.
सोसायटीच्या पायरीवर बसून
ते मीच पाडलं.

पहिल्या साली तिचं रान बघवत नव्हतं.
लव्हाळा, केना, हराळी.
एकरी अकरा टन ऊस घटला,
हे मी चार जणांना सांगितलं,
पाचवा मलाच सांगायला आला.
तण ती उपटत नव्हती,
कापून तिथंच निजवत होती,
पोराच्या अंगावर वाकळ ओढावी तसं.
"खाली काय चाललंय ते खालच्यांस्नी ठावं.
आपण वरनं कशाला हात घालायचा?"

तिसऱ्या साली पूर आला. सात दिवस पाणी.
उतरल्यावर मी माझं रान बघायला गेलो,
आडवं-उभं नांगरून पेढ्यासारखं मऊ केलेलं.
कोपऱ्यापासून नदीपर्यंत घळ पडलेली,
आत उभा राहिलो तर कमरेला लागली.
माझी माती शिरोळला थांबली, की पुढं कर्नाटकात गेली?
सातबारा घेऊन कुठवर मागं जायचं?

तिचाही ऊस आडवा झालेला, शेंडे चिखलानं माखलेले.
ती रडत नव्हती, पण बोलतही नव्हती.
पहार माझ्या हातात दिली.
मी जोर लावून घातली
आणि तोंडावर पडता पडता राहिलो.
दीड हात आत,
खालनं कुणी ओढल्यासारखी.

माझ्या रानात ती वीतभरावर टण्ण वाजते.
तो तवा मीच बडवलाय,
सोळा वर्षं, एकाच खोलीवर, तासाचे पैसे घेऊन.

एक ढेकूळ फोडलं.
जुन्या मुळ्या कुजून गेलेल्या, नळ्या उरलेल्या,
माणूस गेल्यावर त्याच्या चपलेत
अंगठ्याचा खड्डा राहतो तशा.
त्यांतून पाणी उतरून गेलेलं.
वास अळंब्यांचा.

मी आजही नांगरतो. लोक बोलवतात,
पोरगी इचलकरंजीला शिकते.
पण माझ्या बावीस गुंठ्यांत
ह्या वर्षी पाचट पेटवलं नाही.
जैबुन म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्याचं रान आणि नांगर नाही?
गाव हसंल."
हसायला मीच तर शिकवलंय गावाला.

काल सकाळी पाचट जरा बाजूला केलं.
एक गांडूळ. एकच.
उजेड लागला तसं आत सरकलं.
मी पाचट परत ओढलं, घाईनं,
न्हाणीचं दार चुकून उघडल्यावर
लोटून घेतात तसं.

वरनं एक बगळा चकरा मारत होता.
त्याला म्हटलं, अजून न्हाई.