पावकी

रेझेक्नेतली आमची इमारत पाच मजली, लिफ्ट नाही.
तळघरात गुडघाभर पाणी, सोव्हिएत काळातलं म्हणतात,
कुणी उपसून पाहिलेलं नाही.
म्हणून इमांट्स दर ऑक्टोबरात
उन्हाळ्याचे चार टायर चौथ्या मजल्यावर न्यायचा,
एकेक, खांद्यावरून,
आणि त्याचा श्वास आमच्या दारांखालून आत यायचा.
मी पायऱ्या मोजायची. गणिताची मास्तरीण, सवय.
चौसष्ट चढून, चौसष्ट उतरून, चारदा.

एका वर्षी आकडा सोळावरच थांबला.
दार उघडलं तर माझ्या पायपुसण्यावर टायर
आणि टायरवर इमांट्स, टोपी हातात.
"यंदा पायऱ्या वाढल्यात," म्हणाला.
मी म्हटलं, हा इथंच राहू दे.

त्याने आभार मानले नाहीत. सूचना दिल्या.
फ्रीजशेजारी नको, मोटारीजवळ रबर तडकतं.
खिडकीशी नको, ऊन खातं त्याला.
रिम नाही, तेव्हा आडवा टाकायचा नाही, उभा,
आणि दर एक तारखेला पाव फेरा द्यायचा,
नाहीतर एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसासारखा
तेवढ्या जागी चपटतो.
खडूनं लिहून गेला: डावा, मागचा.

असे ते वाटले गेले.
तळमजल्यावर जेनोवेफाकडे, बटाट्यांच्या पोत्यामागे.
दुसऱ्यावर रान्त्सान्सांकडे, बाळाच्या ढकलगाडीला खेटून.
तिसऱ्यावर वेल्डर सेर्गेईनं उशी टाकून बैठक केली
आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.
चौथ्यावर, खुद्द इमांट्सकडे,
नुसता जॅक.

माझा कोटांखाली उभा असतो.
सुरुवातीला स्वप्नांनाही रबराचा वास यायचा.
एक तारखेला विजेचं बिल भरते, मग त्याला हात लावते.
पाव. अर्धा. पाऊण. एक.
सव्वा. दीड.
ऑक्टोबर ते एप्रिल, एवढंच.
दीड फेरा म्हणजे जेमतेम पावणेतीन मीटर.
फिकट निळी ओपेल बाहेर बर्फाखाली
आणि तिचं एक चाक माझ्या घरात
दारापासून स्वयंपाकघराकडे निघालेलं.

फेब्रुवारीत रान्त्सान्स आयर्लंडला गेले.
अळिंबीच्या शेडमध्ये काम, नवराबायको दोघांनाही.
दोन सुटकेसा, बाळ, कुलूप.
एप्रिलमध्ये इमांट्सनं दुसऱ्या मजल्यावर घंटी वाजवली,
मग त्याला आठवलं.
उजवा पुढचा आत होता.

जूनपर्यंत ओपेल लिंडनच्या झाडाखाली उभी,
तीन उन्हाळे आणि एक हिवाळा लावून.
सेर्गेई म्हणाला, कुलपाला मला दोन मिनिटं.
"ते घर आहे," इमांट्स म्हणाला.
नवा घे म्हटलं, तर,
"चौघं एकसारखे झिजलेत. पाचवा कशाला मध्ये?"

दाग्नियाचा फोन मला यायचा.
लिलाक फुलली का, जेनोवेफाचा गुडघा कसा आहे,
इथं पाऊस थांबतच नाही,
आणि फोन ठेवता ठेवता,
"त्याला फिरवतं का गं कुणी?"
मी म्हटलं, किल्ली तुझ्याकडे आहे.

महिनाअखेरीस पाकीट आलं. तिकिटं चार, चिठ्ठी नाही,
कागदात गुंडाळलेली किल्ली.

आम्ही सगळे दारात.
भिंतीवर अजून फेब्रुवारी.
ढकलगाडीच्या जागी लिनोलियमवर दोन पुसट रेघा,
आणि शेजारी तो, भिंतीला टेकलेला.
मी मनातल्या मनात मांडलं:
चार महिने चुकले, चार पाव एक,
म्हणजे हिशेबानं होता तिथंच,
देणं काही नाही.

इमांट्स गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी धरून
पाव दिला.
मग उठला, रिकाम्या हातांनी बाहेर आला,
कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

वर जायला लागला तेव्हा
मी उरलेल्या बत्तीस मोजल्या.