सिमेंटच्या बोटीचा दिवस

इकितोसला रस्ता येत नाही.
जे येतं ते नदीने, नाहीतर आभाळातून,
आणि रक्त बहुतेक वेळा नदीने येतं,
थर्मोकोलच्या खोक्यात, वितळत्या बर्फावर,
कोंबड्या आणि केळ्यांच्या घडांमधून.

आज एकच नळी. गाव सान फाबियान.
एल्मेर अहुआनारी, वय नऊ.
अर्ज पेन्सिलीने भरलाय, या दमटीत शाई पसरते.
ताप, डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी.
‘तापाचा कितवा दिवस?’ या रकान्यात
आरोग्यसेविकेने आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय:
सिमेंटची बोट आली त्या रात्रीपासून.

पाचव्या दिवसापर्यंत विषाणू रक्तात सापडतो.
मग तो निघून जातो, मागे राहतात साक्षीदार,
आणि चौघा भावांपैकी नेमका कोण येऊन गेला
हे विचारलं की ते अडखळतात,
कधी सगळ्यांचीच नावं घेतात.

म्हणून हातमोजे काढले, मोटोटॅक्सी केली, धक्क्यावर गेले.
हमालांचा मुकादम सेगुन्दो पिनेदो
बोटांवर मोजत म्हणाला,
‘शुक्रवारी सुटली. वाटेत इंजिन बसलं.
म्हणजे तिथे रविवारी, दिवेलागणीनंतर.’
नमुना बुधवारचा. चौथा दिवस.
रिक्षाचे पैसे कुठल्या खात्यात टाकू, कळलं नाही.

रात्री नळी यंत्रात गेली.
पडद्यावर चार रंगांच्या चार रेघा,
चारही जमिनीला पाठ टेकून.
वीज गेली, जनरेटरने खोकत भार घेतला.
सव्विसाव्या फेरीला एक उठून बसली.
निळी.

अकरा वर्षांत निळी उठायची ती फक्त
आम्हीच ठेवलेल्या ओळखीच्या नमुन्यात,
यंत्र खरं बोलतंय ना, एवढं पाहायला.
मी पुन्हा लावलं.
पुन्हा निळी.

मग मी माणसं मोजू लागले,
ज्यांना दुसऱ्या कुठल्यातरी भावाने आधीच गाठलंय:
बेलेनच्या खांबांवरच्या घरांतली,
बाजारात मासे चिरणाऱ्या,
माझी बहीण. मी.
शरीर विसरत नाही, तिथेच घात होतो.
जुन्या दुखण्याची आठवण दार उघडते,
नव्याला जुनाच समजून आत घेते,
पाणी विचारते,
माजघरापर्यंत नेऊन सोडते.

लिमाहून जवळपास अकरा हजार अक्षरांची ओळ आली.
वरच्या अंगाच्या एका बंदरातल्या ओळीशी जुळणारी.
सिमेंट तिथूनच येतं.
पण बोट निर्दोष आहे.
डास चावल्यावर ताप यायला चार दिवस तरी लागतात,
आणि त्या डासाने त्याआधी कुणालातरी चावलेलं असतं.
म्हणजे आधीची एखादी बोट.
एखादा माणूस, जो तापला, अंगावर काढला,
आणि कुठल्याच अर्जावर आला नाही.

उत्तर गावी पोचलं तेव्हा
एल्मेर मासे धरायला गेला होता.
आमची उत्तरं अशीच पोचतात,
प्रश्न उठून कामाला लागल्यावर.
रेडिओवर सेविका म्हणाली, ‘वाचून दाखवलं. टाइप दोन.
आई विचारतेय,
दुसरा, तर मग पहिला कधी येऊन गेला?
तिच्या धाकटीला गेल्या पावसात ताप होता.
तेव्हा कुणी रक्त घेतलं नव्हतं.’

खरखर.
मी पेन्सिल हातात धरून बसले.
त्या मुलीसाठी आमच्या अर्जात रकाना नाही.
मी विचारलं,
‘त्या रात्री कुठली बोट आली होती?’