सुकतीचा नकाशा

नगरपंचायतीच्या जिन्याखाली माझं टेबल.
समोरच्या भिंतीवर महिनाभर आराखडा टांगलेला,
खाऱ्या वाऱ्याने त्याच्या कडा वळल्यात,
वरच्या कोपऱ्यात पालीने अंडी घातलीत,
बरोबर प्रस्तावित क्रीडासंकुलावर.

माझं काम कागद घेण्याचं.
शिक्का, क्रमांक, तारीख, पोच.
वाचण्याचं नाही.
पण दुपारी जेटीवर होड्या आणि इथे माणसं
दोन्ही आडवी झाली की मी वाचतो.

क्रमांक नऊ, वझे मास्तर. फुलस्केप, समास सोडून.
स्टँडवर बायकांना मुतारी नाही
आणि आराखड्यात कारंजं आहे, रंगीत दिव्यांचं.
सोबत आमचीच जाहीर नोटीस,
ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका लाल शाईने सुधारलेली.

क्रमांक एकतीस, गनी सोलकर, बर्फवाले.
रस्ता बारा मीटर करा, माझी ना नाही.
पण त्या बारा मीटरांत माझ्या वडिलांची कबर येते.
ती कोणत्या रंगात दाखवलीय, एवढंच कळावं.

मी उठून बघितलं.
पिवळ्या रंगात. निवासी.

सातवीतल्या एका मुलीने वहीचं पान पाठवलंय:
वाचनालय मंगळवारी बंद असतं
आणि बुधवारी चावी सापडत नाही,
तर नवीन बांधण्याऐवजी चावी दोन करा.

मग चव्वेचाळीसपासून सत्त्याहत्तरपर्यंत
एकच मजकूर, एकच झेरॉक्स, सह्या निराळ्या.
किनारा सुशोभित व्हावा.
कागदांना अत्तराचा वास.

एक तुटक रेघ माझ्याही पडवीतून जाते,
खाली बारीक अक्षरांत: गटार.
कर्मचाऱ्यांनी हरकत घेऊ नये,
असं तोंडी सांगितलंय. तोंडीच.

शेवटच्या दिवशी, पाचाच्या सुमारास,
शेवंती तांडेल आली, टोपली दाराबाहेर ठेवून.
कागद नाही, पेन नाही. सरळ भिंतीपाशी गेली.
गोलमा वाळत घालायची तिची पुळण
नकाशावर हिरवी झालेली, बाकं आणि झोपाळ्यांसकट.
अर्ध्यावर वाहनतळ.

बराच वेळ बघितलं तिने.
मग म्हणाली, ‘ह्यो नकशो सुकतीचो.’
म्हणजे?
‘मोजणीवालो सुकतीक इलो आसतलो.
पाणी बगल्यान, थंयच रेग मारल्यान.
भरतीक येवक व्हयो होतो.’

आणि मी नको म्हणेपर्यंत
मासळीच्या खाऱ्या पाण्याने ओलं बोट
तिने खाडीच्या तोंडावर टेकवलं
आणि ओढत आणलं,
वाहनतळावरून, झोपाळ्यांवरून,
तिच्या चुलीवरून, जिला नकाशात जागा नाही,
कारंज्याला वळसा घालून
थेट सभागृहाच्या पहिल्या पायरीपर्यंत.
‘हंयसर. दर आवशीक.
आमी उठवन ठेवतो सगळा. बगीचो कोण उठवतलो?’

हरकत लेखी असावी, असा नियम आहे.
मी म्हणालो, लिहून देतो, अंगठा कर.
ती म्हणाली, ‘केलंय मा,’
आणि टोपली उचलून गेली, लिलाव चुकत होता.

जिन्यावर कुणी नव्हतं.
मी शिक्का घेतला, खुर्चीवर चढलो
आणि त्या ओल्या रेघेच्या टोकाशी
भिंतीवरच मारला. आवक. दोनशे तीन.
पालीने बघितलं.

सहाला साहेबांनी कुलूप मागवलं.
किती आल्या?
दोनशे तीन.
त्यांनी गठ्ठा मोजला. ह्या दोनशे दोन.
एक भिंतीवर आहे, मी म्हणालो.

चष्मा लावून ते जवळ गेले.
रेघ वाळून गेली होती,
कागद तिथे थोडा फुगलेला,
आणि वर मिठाची बारीक, पांढरी कड.
नखाने खरवडून पाहिली त्यांनी.
काही बोलले नाहीत. बोट मात्र
जिभेला लावलं, नकळत.

पोच द्यायची राहिलीय तिची.
खिशात आहे, दुमडून.
उद्या पुळणीवर जाईन म्हणतो,
भरती किती वाजता आहे ते विचारून.