आठशे डॉलरची घसर

कोकोमो, इंडियाना. ऑक्टोबर. गॅरेजचं दार अर्धं वर.
पाँटिअॅक चार लोखंडी घोड्यांवर,
तिच्या पोटाखाली मी, वय एकसष्ट,
कपाळावर गिअरतेलाचा लाल थेंब.
ओरिन म्हणतो, आज तुमचा तो ठिपका लावलात वाटतं.

ओरिन शेजारचा. एकोणीस.
खांबेटेचं त्यानं कॅम्बेट केलंय,
पण अंधारात हात घालून
कुठला बोल्ट कुठल्या भोकाचा, बोटांनी सांगतो.

जुना कन्व्हर्टर उतरवला, दोघांनी धरून,
भरला हंडा उतरवावा तसा. तरी सांडलाच.
बारा इंची, कंपनीचा.
सव्वीस वर्षं याच गावच्या कारखान्यात
असलेच कापून पाहिले मी :
दोन पंखे समोरासमोर, तेलात बुडालेले,
एकाला इंजिन फिरवतं, दुसऱ्याला नुसतं तेल.
शिवत नाहीत एकमेकांना.
मध्ये एक लहान चाक,
परतून येणाऱ्या तेलाला वळण लावणारं.

आमच्या तक्त्यात एकच रकाना महत्त्वाचा,
किती घसरतो.
मला ते नवं नव्हतं. इचलकरंजीत अण्णांचे आठ माग होते,
पट्टा सुटू लागला की अण्णा राळेची पूड घेऊन धावत,
म्हणत, पट्टा घसरला तर घर घसरलं.
मग सगळंच आवळून.
वेण्या. हिशेब. तोंड.

आणि हा खोक्यातला,
साडेनऊ इंची, निळा,
मुद्दाम सैल बांधलेला.
आठशे डॉलर मोजून मी घसर विकत घेतली.

सैल, मग वेगवान कसा? ओरिन विचारतो.
मी सांगते, खालच्या फेऱ्यांत इंजिनात जीव नसतो,
जुना त्याला उठल्या उठल्या जुंपतो.
हा म्हणतो, आधी वर ये. बत्तीसशेपर्यंत ये. मग ओढ.
ओरिन पाना पुसत राहतो.
हे जरा माझ्या बापाला सांगा, म्हणतो.

फुकट नाही हं, मी म्हणते. जे घसरतं ते तापतं.
म्हणून रेडिएटरपुढे तेलाचा वेगळा कूलर,
त्याचे दीडशे आणखी.

बसवताना तोंडात लिटरभर तेल,
मग ढकलत, फिरवत.
ठक.
ठक.
बसला, ओरिन म्हणतो, बोल्ट घेतो.
थांब.
तीन असतात.
दोनावर आवळणारे पाहिलेत मी,
पहिल्याच चावीला पंपाचा चुरा.
फिरवत राहिले. मनगटं भरून आली, कॉफी निवली,
समोरच्या घरातला दिवा लागला.
मग अगदी सहज, काही जोर न लावता
तो अर्धा इंच आत गेला.
ठक.

शनिवारी मन्सीला, पाव मैलाच्या पट्टीवर.
डावा पाय ब्रेकवर, उजवा गॅसवर,
गाडी जागच्या जागी,
आत एक पंखा उभा आणि एक घोंघावणारा.
पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
मागची चाकं धूर करत तिथंच फिरली.
चिठ्ठी आली : जुन्यापेक्षा तीन दशांश उशीर.
ओरिन ओठ चावून आभाळाकडे बघतोय.
हस, मी म्हणते. टायर. आता टायर बघायचे.
अण्णांच्या मागावरही हेच,
इथली घसर मिटवली की ती उठून पुढे जाऊन बसे.

दुसऱ्या फेरीसाठी रांगेत उभी होते,
एक माणूस पाठीवर टाकी घेऊन
रेषेवर काही चिकट फवारत आला.
मी काच खाली केली.
वास आला.
राळ.