पुठ्ठ्याचे गेम्स

मी बोग्ना. पोझनानला असते. प्रोग्रॅमर.
गेम्स म्हटलं की समोरचा हवेत अंगठे नाचवतो.
नाही हो, पुठ्ठ्याचे. लाकडी सोंगट्यांचे.
चार माणसं, एक टेबल, त्यावर चहाचे डाग.

मग तुमचं काय काम तिथे?
रात्री ऑफिस बंद झालं की माझा कोड एकटाच खेळत बसतो,
उजाडेपर्यंत चाळीस हजार डाव.
हरला तरी उसासा नाही, रडीचा डाव नाही,
कुणाचं दान कसं पडलं, त्याला सोयरसुतक नाही.
सकाळी मी एवढंच विचारते :
निळा फार जिंकतोय का?

मार्चमध्ये झेनोन आजोबा आले, निवृत्त ट्रामचालक.
बुटांच्या खोक्यात घरी कातरलेले पत्ते.
मी आकडे दाखवले :
नावाडी ज्याच्या हाती,
तो शंभरात एक्याऐंशी वेळा जिंकतो.
काढावा लागेल.

ते पत्ता उलटसुलट करत राहिले.
"हालिना कायम ह्याच्यावरच जिंकायची.
मला कळायचं तिच्याकडे आहे ते.
कोपरा दुमडलाय, बघा."

दुमडलेला कोपरा कोडमध्ये कसा लिहितात,
मला अजून येत नाही.

नावाडी ठेवलाय.
भाडं तेवढं एका नाण्याने वाढवलंय.